गुरुवारच्या आत

सोमवार, ९ जून
ग्रंथालयाची पुस्तकसूची ज्या प्रोग्रामवर चालते, तो अजूनही कोणीतरी लॉगिन करून हाताने सुरू करतं. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, यूपीएस थोडा वेळ तग धरतो आणि शुक्रवारी सकाळी काउंटरवरून फोन येतो, "सर, सूची उघडत नाही." या गुरुवारच्या आत सर्व्हिस फाइल लिहायची.

मंगळवार, १० जून
लिहिली. जेमतेम दहा-बारा ओळी. जुन्या इनिट पद्धतीत एवढ्यासाठी लांबलचक शेल स्क्रिप्ट लागायची. तरी तिची जागा घेणाऱ्या सिस्टमडीवरून काय भांडणं झाली! २०१४ साली डेबियन लिनक्सच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली, अध्यक्षांच्या निर्णायक मताने ते आत आलं आणि नाराजांनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. मला त्या वादात रस नाही. दहा ओळी वाचता येतात, एवढं पुरे. 'स्टार्ट'सोबत 'एनेबल'ही केलं. त्याशिवाय पुढच्या बूटला कोण उठवणार?

बुधवार, ११ जून
रीबूट करून पाहिलं. सर्व्हिस फाइलच्या 'रिक्वायर्स'मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसचं नाव असूनही प्रोग्राम त्याच्या आधी धावला आणि आपटला. 'रिक्वायर्स' म्हणजे भटजींना आमंत्रण. ते आल्याशिवाय अंतरपाट धरू नका, हे सांगायला 'आफ्टर' वेगळं लिहावं लागतं.

सहकारी म्हणाला, "सर, रीस्टार्ट ऑलवेज टाका ना, पडला की उठेल." मी 'ऑन-फेल्युअर' ठेवलं, पण खरी मेख पुढे आहे. सर्व्हिस १० सेकंदांत ५ वेळा सुरू होऊन पडली, की सिस्टमडी नाद सोडतं. ही मूळ मर्यादा. आपण दोन प्रयत्नांत ५ सेकंदांचं अंतर ठेवलं, की १० सेकंदांत पाच प्रयत्न भरतच नाहीत. म्हणजे बिघडलेला प्रोग्राम रात्रभर पडत-उठत राहणार आणि कोणाला पत्ता नाही. मर्यादेचा काळ ३०० सेकंद केला. पाचदा पडला तर पडूनच राहू दे, सकाळी दिसेल तरी.

संध्याकाळी बायोसमध्ये वीज परतल्यावर मशीन आपोआप चालू होण्याची सोय केली. ते सिस्टमडीच्या हातात नाही.

गुरुवार, १२ जून
वीज दुपारी उशिरा आली. जर्नलमध्ये आधी पोस्टग्रेस, मग सूची. हात लावावा लागला नाही. मात्र दुपारी एकचा बॅकअप बुडाला: तो क्रॉनवर आहे आणि क्रॉन हुकलेली वेळ भरून काढत नाही. सिस्टमडीच्या टायमरला 'पर्सिस्टंट' लिहिलं, की मशीन उठल्यावर राहिलेलं काम तो लगेच करतो. उद्या बॅकअप तिकडे हलवतो.