वैशाखातला बर्फ आणि केदारनाथची वाट

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी आपल्या जिल्ह्यातील भेंडवळ येथे घट मांडला जातो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे येत्या हंगामाचे भाकीत ऐकण्यासाठी दूरदूरचे शेतकरी तेथे जमतात. त्याच तिथीला हिमालयात गंगोत्री आणि यमुनोत्री येथील मंदिरांची दारे उघडतात आणि चारधाम यात्रेस प्रारंभ होतो. केदारनाथचे द्वारही याच सुमारास उघडते. २०२४ साली ते १० मे रोजी, तर २०२५ साली २ मे रोजी उघडले. रब्बीचे धान्य घरात आलेले असते आणि मृग नक्षत्राला अजून महिनाभर अवकाश असतो. मुलांना सुट्टी, शेतीला उसंत. बुलढाणा जिल्ह्यातील कुटुंबाला दूरच्या यात्रेसाठी हाच काळ सोयीचा वाटतो, यात नवल नाही. म्हणूनच होळी झाली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येऊ लागतो : “डॉक्टरसाहेब, बाबांना यंदा केदारनाथला न्यावं म्हणतो. चालेल ना?”

या प्रश्नाचे उत्तर केवळ रक्तदाबाच्या आकड्यावरून देता येत नाही. त्यासाठी ती वाट आणि त्या वाटेवरचा वैशाखातील बर्फ समजून घ्यावा लागतो. ही वाट मी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पायी चाललो आहे. आपल्या घरातील ज्येष्ठांसाठी तिचे वर्णन येथे करीत आहे.

अंतर फसवे आहे

गौरीकुंडापासून केदारनाथपर्यंतची वाट सुमारे १६ किलोमीटरची आहे. आपल्या भागात पंढरीची वारी पायी केलेले आजोबा घरोघरी भेटतात. त्यांना हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु वारीची वाट बहुतांशी सपाटीवरून जाते. गौरीकुंड समुद्रसपाटीपासून सुमारे १,९८० मीटरवर आणि केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर आहे. म्हणजे एका दिवसात १,६०० मीटरची चढण. लोणारचे सरोवर आपण पाहिले असेलच. काठापासून पाण्यापर्यंत ते विवर सुमारे १३७ मीटर खोल आहे. ते उतरून पुन्हा वर येताना आपली जी दमछाक होते, तशी जवळजवळ बारा वेळा सलग चढण्याची कल्पना करा. केदारनाथची चढण तेवढी आहे.

तरीही चढण हा या वाटेचा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा हवेचा आहे. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच उरतो आणि प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण त्यासाठी त्याला दिवस लागतात. तासाभरात ते होत नाही. येथेच एक गैरसमज दूर करायला हवा. गुडघे दुखतात म्हणून आईला खेचरावर बसवले किंवा हेलिकॉप्टरने नेले, की काळजी मिटली, असे पुष्कळांना वाटते. खेचर गुडघ्यांचे श्रम वाचवते. फुप्फुसांना मात्र त्याचा काहीच उपयोग नाही. उलट हेलिकॉप्टर काही मिनिटांत माणसाला त्या उंचीवर पोहोचवते, त्यामुळे शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. शिवाय खेचरावर, डंडीत किंवा कंडीत बसलेले माणूस हालचाल करीत नसल्याने चालणाऱ्यापेक्षा लवकर गारठते. चालणारा मुलगा घामाने ओला होऊन स्वेटर काढतो आणि त्याच वेळी शेजारच्या कंडीतील आई थंडीने कुडकुडत असते, हे दृश्य मी तेथे अनेकदा पाहिले.

बर्फ कोठे भेटतो, केव्हा भेटतो

गौरीकुंडाहून निघाल्यावर वाट जंगलचट्टी आणि भीमबलीपर्यंत मंदाकिनीच्या काठाने, गर्द झाडीतून वर जाते. येथे मे महिन्यात सहसा बर्फ नसतो. दगडी फरसबंदी, कडेला कठडे, जागोजागी चहाची दुकाने. पण वितळणारे पाणी, खेचरांची लीद आणि पाऊस यांच्यामुळे हे दगड निसरडे होतात. पुढे रामबाडा लागते. जून २०१३ मधील महापुरात ही वस्ती पूर्णपणे वाहून गेली. त्यानंतर वाट येथून नदी ओलांडून पलीकडच्या काठावर नेण्यात आली आणि येथूनच खडी चढण सुरू होते.

बर्फाची खरी भेट होते ती लिंचोलीच्या आसपास आणि त्यापुढे. डोंगरउतारावरून येणाऱ्या ओढ्यांना गढवाली लोक गदेरा म्हणतात. भैरव गदेरा, कुबेर गदेरा अशा ठिकाणी हिवाळ्यातील बर्फ वरून घसरून वाटेवर साचतो. यात्रेपूर्वी मजूर तो कापून काढतात. बर्फ भरपूर पडलेल्या वर्षी त्यातून वाट जाते ती दोन पांढऱ्या भिंतींमधल्या बोळासारखी. २०२३ साली मंदिर २५ एप्रिललाच उघडले. त्या वेळी धामात बर्फवृष्टी होत होती आणि मेच्या पहिल्या आठवड्यात याच भागात हिमखंड घसरल्यामुळे वाट बंद ठेवावी लागली. म्हणून वाट अडवणाऱ्या पोलिसाशी वाद घालू नये. तो आपल्या जिवासाठीच उभा असतो.

या बर्फाला दिवसाचे वेळापत्रक असते. दिवसा उन्हाने वितळलेले पाणी वाटेवर पसरते आणि रात्री गोठते. त्यामुळे पहाटे वाटेवर काचेसारखा थर असतो. रंगहीन, जवळजवळ अदृश्य. ऊन आले की तो मऊ होतो. दुपारनंतर त्याचा चिखल होतो, ढग उतरतात आणि पाऊस किंवा हिमवर्षाव सुरू होण्याची शक्यता वाढते. म्हणून गौरीकुंडाहून उजाडता उजाडता निघावे. ज्येष्ठांच्या सावकाश चालीने लिंचोली येईपर्यंत दहा-अकरा वाजतात आणि तोवर बर्फावर पाय टेकण्याजोगा होतो. परतीचा नियम मात्र उलटा आहे. पहाटेचे दर्शन आटोपून लगेच उतरायला लागणे धोक्याचे, कारण ती काचेची वेळ असते. वाटेवर ऊन येईपर्यंत थांबावे. साठीनंतर खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घराने सोसले आहे त्याला हे तास-दीड तासाचे थांबणे जड जाणार नाही.

रबरी, खोलगट नक्षीच्या तळव्याचे बूट महिनाभर आधीपासून वापरलेले असावेत. काठी टोकाला लोखंडी अणी असलेली हवी. मोज्यांचे कोरडे जोड दोन तरी पिशवीत ठेवावेत आणि ओले झालेले लगेच बदलावेत. मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे, त्यांची पावले दर मुक्कामी सोबतच्या माणसाने स्वतः पाहावीत. त्यांना फोड किंवा हिमदंश कळत नाही. ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणे मोठ्या प्रमाणात परत फेकतो. त्याने डोळे लाल होऊन तीव्र जळजळ होते, म्हणून काळा चष्मा सर्वांनीच वापरावा.

डोकेदुखी लपवू नये

लिंचोलीपुढच्या तळावर मुक्कामाला असताना आपल्याच जिल्ह्यातील एक कुटुंब भेटले. सासरे निवृत्त शिक्षक, सत्तरीच्या उंबरठ्यावर, अनेक वाऱ्या केलेले. दुपारी खेचरावरून पोहोचले, रात्री जेवले नाहीत. डोके दुखत होते, पण आपल्यामुळे सर्वांची यात्रा मोडेल म्हणून बोलले नाहीत. सकाळी तंबूबाहेर पडताना त्यांचा तोल जात असल्याचे सुनेच्या लक्षात आले. मी त्यांना सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकायला सांगितले. त्यांना ते जमेना. समोर मंदिराचे शिखर दिसत होते. “एवढं आलो आहोत, दर्शन घेऊन उतरू,” असे ते विनवत राहिले. सून म्हणाली, “बाबा, देव इथंच राहणार आहे. तुम्ही घरी हवे आहात.” वैद्यकीय केंद्रात प्राणवायू लावून त्यांना तसेच कंडीतून खाली आणले. गौरीकुंडाला पोहोचेपर्यंत त्यांचे डोके हलके झाले होते आणि पाऊल सरळ पडत होते.

अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर काही तासांत डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, चक्कर, झोप न येणे अशी लक्षणे दिसली, तर त्यांना उंचीचा आजार समजावे; अपचन किंवा थकवा समजून झोपू नये. लक्षणे सौम्य असतील तर आणखी वर न जाता विश्रांती घ्यावी. तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून गुलाबी फेस येणे ही मात्र मेंदूला वा फुप्फुसांना सूज आल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी उपचार एकच : तातडीने खाली उतरणे. प्राणवायूचे नळकांडे उतरताना साथ देते. ते उतरण्याला पर्याय नाही. छातीत दाटून आले, तर मात्र उंचीला दोष देत बसू नये. हृदयविकार समजून जवळचे वैद्यकीय केंद्र गाठावे.

निघण्यापूर्वी घरात ठरवायच्या गोष्टी

प्रवास सावकाश आखावा. गुप्तकाशी किंवा सोनप्रयाग परिसरात दोन रात्री, जमल्यास भीमबली किंवा लिंचोली येथे एक रात्र आणि मग धाम. मलकापूर-शेगावच्या त्रेचाळीस अंशांतून निघून चौथ्या दिवशी शून्याखालच्या रात्रीत पोहोचणे साठीपुढच्या शरीराला मानवत नाही. दोन-तीन महिने आधी रोज चालणे सुरू करावे आणि आठवड्यातून एकदा राजूर घाटासारख्या चढावर चालून पाहावे. या सरावाने पाय आणि हृदय तयार होते. उंचीच्या आजारापासून मात्र तो वाचवत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

रक्तदाबाच्या व हृदयाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्या दोन ठिकाणी विभागून ठेवाव्यात. इन्सुलिन अंगालगतच्या खिशात ठेवावे. एकदा गोठलेले इन्सुलिन टाकून द्यावे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर थंड बोटावर चुकीचा आकडा दाखवते, म्हणून हात चोळून गरम केल्यावरच पाहावे. उंचीच्या आजाराची प्रतिबंधक गोळी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये; सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास ते आवर्जून सांगावे.

अलीकडे हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी वा पक्षाघात झालेल्यांनी, सपाटीवर चालतानाही धाप लागणाऱ्यांनी, डायलिसिसवर असणाऱ्यांनी आणि रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी ही वाट धरू नये. बाकीच्यांनाही माझा आग्रह असा की द्वार उघडण्याच्या पहिल्या आठवड्याचा हट्ट सोडावा. मेच्या अखेरीस बर्फ पुष्कळ ओसरलेला असतो. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात वाट बहुधा कोरडी असते आणि मंदिर भाऊबिजेपर्यंत उघडे असते. ज्यांना उंचीच वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी उखीमठ आहे. हिवाळ्यात केदारनाथची उत्सवमूर्ती तेथील ओंकारेश्वर मंदिरात असते. उंची सुमारे १,३०० मीटर, आणि तेथवर मोटार जाते. सहा महिने देव स्वतःच खाली उतरून येतो. त्या काळात तेथे घेतलेले दर्शन उणे मानण्याचे कारण नाही.

शेवटची गोष्ट औषधांच्या पिशवीत मावणारी नाही. निघण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसावे आणि परत फिरण्याचा निर्णय कोणाचा असेल ते ठरवावे. एका व्यक्तीचे नाव घ्यावे. तिने “आता उतरायचे” म्हटले की कोणीही, विशेषतः ज्यांच्यासाठी यात्रा आखली त्या आजी-आजोबांनी, वाद घालू नये. हा शब्द बुलढाण्यातच देऊन-घेऊन निघावे, कारण समोर शिखर दिसत असताना तो मागणे फार कठीण जाते.