येतो बरं का!

सायकलीच्या साऱ्या अवयवांत घंटीइतका उपेक्षित अवयव दुसरा नसेल. चाकातली हवा कमी झाली, तर आपण लगेच पंप शोधतो. साखळी कुरकुरू लागली, तर तिला तेल घालतो. घंटी मात्र गंजून मुकी झाली, तरी महिनोन्महिने तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तिच्यावाचून सायकल अडत नाही, हे खरे. परंतु सायकलस्वाराच्या अंगी सभ्यपणा किती आहे हे पाहावयाचे असेल, तर ते या घंटीवरूनच पाहावे, असे मला वाटते.

पायी चालणारा आणि चाकावरून जाणारा यांचा वाद सायकलीच्या जन्माइतकाच जुना आहे. 1817 साली जर्मनीतील मानहाइम नगरात कार्ल फॉन ड्राइस या गृहस्थाने दोन चाकांचे एक लाकडी वाहन रस्त्यावर आणले. त्याला पायडल नव्हते. बसणारा जमिनीवर पाय रेटीत पुढे जात असे. खडबडीत रस्त्यापेक्षा पादचाऱ्यांच्या सपाट वाटेवरून ते सुखाने धावे. साहजिकच लोक ते तिकडे नेऊ लागले आणि लवकरच ठिकठिकाणी पादचाऱ्यांच्या वाटांवर त्याला बंदी झाली. पुढे लोखंडी धावा चढवलेल्या सायकली आल्या. त्या एवढा खडखडाट करीत, की त्यांना वेगळी वर्दी देण्याचे कारणच नसे. मग रबर आले. आणि 1888 साली डनलॉप नावाच्या एका पशुवैद्याने हवा भरलेल्या रबरी धावेचे पेटंट घेतले. सायकल मऊ झाली, वेगवान झाली आणि त्याबरोबरच निःशब्दही झाली. जो वेगाने येतो आणि ज्याची चाहूल लागत नाही, त्याने आपण होऊन आपले येणे कळवले पाहिजे.

ही रीत आपल्याला नवी नाही. पूर्वीच्या वाड्यांतून वडीलधारे पुरुष माजघरात पाऊल टाकण्यापूर्वी ओटीवरच किंचित खाकरत असत. घशात काही अडकले होते म्हणून नव्हे; आतल्या माणसांना सावरून बसण्यास अवधी मिळावा म्हणून. पहाटेचा वासुदेव दारात उभा राहण्यापूर्वी त्याच्या चिपळ्या गल्लीच्या तोंडाशी ऐकू येत. बैलांच्या गळ्यातील घुंगूरमाळा अंधाऱ्या रस्त्यावर गाडीच्या पुढे धावत. सायकलीची घंटी म्हणजे सायकलीचे खाकरणेच होय. ‘बाजूला हो!’ असा तिचा अर्थ नाही. ‘मी येतो बरं का!’ एवढाच तिचा अर्थ आहे.

आमच्या गावाजवळ कालव्याच्या काठाने एक वाट जाते. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला उतार, आणि मध्ये जेमतेम तीन माणसे शेजारी शेजारी चालू शकतील एवढी जागा. सकाळी या वाटेने गवताचे भारे घेतलेल्या बाया जातात, शाळेची मुले जातात, शेळ्या जातात आणि सायकलीही जातात. एक वृद्ध गृहस्थ तेथे नित्य फिरावयास येत. एके दिवशी अगदी पाठीशी कर्कश घंटी वाजली. ते दचकले, मागे पाहण्यासाठी उजवीकडे वळले आणि नेमके सायकलीच्या वाटेत आले. धक्का लागून ते पडले, मनगट मोडले. ‘‘पण मी घंटी वाजवली होती की!’’ असे तो सायकलस्वार पुन्हा पुन्हा सांगत होता. तो खोटे बोलत नव्हता. प्रश्न एवढाच होता, की ती त्याने कोठून वाजवली?

थोडे गणित करून पाहा. बेताने चालवलेली सायकल ताशी सुमारे 15 किलोमीटर जाते. म्हणजे सेकंदाला चार मीटरांहून थोडी अधिक. चालणारा माणूस तेवढ्या वेळात सव्वा मीटर पुढे सरकतो. दोघांमधील अंतर दर सेकंदाला सुमारे तीन मीटरांनी कमी होते. तीन मीटरांवरून घंटी वाजवली, तर समोरच्याला एकच सेकंद मिळतो. तेवढ्यात माणूस केवळ दचकू शकतो. तीच घंटी पंधरा मीटरांवरून वाजली, तर त्याला पाच सेकंद मिळतात. ऐकणे, समजणे आणि शांतपणे एका कडेला होणे, हे सारे त्यात आरामात होते. घंटी तीच, हातही तोच. चार सेकंदांनी तिचा अर्थ बदलतो.

हाताला आराम पडल्यावरही ते गृहस्थ कित्येक महिने कालव्यावर दिसले नाहीत. मी विचारले तेव्हा म्हणाले, ‘‘हाताचे काही नाही हो, पण आता मागे पाचोळा वाजला, तरी पाऊल थबकते.’’ मोडलेले हाड सांधता येते. मोडलेला विश्वास सांधावयास फार दिवस लागतात.

त्याच वाटेवरून एक दूधवाला रोज जातो. सायकलीच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या जड किटल्या. लांबूनच तो दोनदा हलकी घंटी वाजवतो आणि वेग कमी करतो. जवळ आला, की ‘‘आजोबा, उजव्या हातानं जातो बरं का!’’ असे म्हणून हातभर अंतर राखून पुढे जातो, आणि पुष्कळ पुढे गेल्यावरच पुन्हा डावीकडे वळतो. मान न हलवता कोणी तसाच चालत राहिला, तर तो दुसऱ्यांदा जोराने घंटी वाजवीत नाही. त्या माणसाला कमी ऐकू येत असेल किंवा त्याच्या कानांत इअरफोन असेल, असे समजून तो चालण्याच्या गतीने मागोमाग जातो. शेळ्यांचा कळप आडवा आला, तर सरळ खाली उतरतो. त्याला घाई नसते असे नाही. दूध वेळेवर पोचवावयाचे असते. पण आपली घाई आपणच वाहावी, ती दुसऱ्याच्या पायांवर लादू नये, हे त्याला कळले आहे.

पायी चालणाऱ्यांनाही काही कर्तव्य आहेच. चौघांनी हातात हात घालून सारी वाट अडवू नये. वर्दी मिळताच एका कडेला व्हावे. तथापि अधिक जबाबदारी अधिक वेगवानाचीच. ज्याला मागचे दिसत नाही, त्याची काळजी ज्याला पुढचे दिसते त्याने घ्यावयाची, हा न्याय केवळ कालव्याच्या वाटेपुरता नाही. वर्गात ज्याला गणित लवकर येते, खेळात ज्याचे पाय चपळ आहेत, घरात जो मोठा आहे, त्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा दुसऱ्याला मागे टाकून पुढे जावेच लागते. पुढे जाण्यात दोष नाही. मागे राहिलेला माणूस न दचकता, न अडखळता आपल्या चालीने चालत राहिला पाहिजे, एवढेच!