आयत्या बिळावर नागोबा

इंदापूरच्या आमच्या वडील भगिनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्या. रोगाचे नाव घरात कोणी उच्चारले नाही, आम्हीही नाही. त्यामागच्या पॅपिलोमा विषाणूची हकीकत आम्ही पुढे बारामतीस, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वाचली. त्याजपाशी डीएनएची नक्कल करणारे पॉलिमरेज मुळी नाहीच! त्याचे ई२ प्रथिन ई१ला विषाणूच्या डीएनएवर आणून बसविते. ई१ तो पीळ उलगडते आणि मानवी पेशीतील पॉलिमरेजास कामास जुंपते. ई७ तर पेशीची वाढ आवरणाऱ्या प्रथिनासच बांधून टाकते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२२ साली याच्या चार प्रकारांवरील लस जाहीर केली. ती बारा वर्षांच्या नातीस टोचावी, हे भाचीस सांगावयास आम्ही परवा इंदापुरास गेलो. रोगाचे नाव जिभेवर येईना. ते तिनेच उच्चारले.