तिरंग्यातला हिरवा कुणाचा?

ऑगस्ट आला की वर्गात झेंड्याचं चित्र होतंच. केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे समृद्धी, एवढं पाठ करून घेतलं की आपण कवायतीच्या तयारीला लागतो. यंदा पाचवीत रंग भरताना एक मुलगा सहज म्हणाला, "बाई, भगवा आपला आन् हिरवा त्यांचा न्हवं?" त्याच्याच बाकावरचा त्याचा दोस्त हातातला हिरवा खडू तसाच धरून माझ्याकडं बघायला लागला.

मग चित्र बाजूला ठेवून झेंड्याची गोष्टच सांगितली. १९२१ साली बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना लाल-हिरवा झेंडा दाखवला. लाल हिंदूंचा, हिरवा मुस्लिमांचा. बाकी सगळ्यांसाठी गांधीजींनी पांढरा पट्टा आणि वर चरखा घालायला सांगितलं. म्हणजे पोराचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं! पण वादही त्यावरूनच झाला. शीख म्हणाले, आमचाही रंग घ्या. असं करत गेलं तर पट्टे किती होणार? १९३१ मध्ये काँग्रेसनं सात जणांची समिती नेमली. तिनं सगळा झेंडाच केशरी करावा असं सुचवलं, ते मान्य झालं नाही. त्याच ऑगस्टमध्ये मुंबईच्या बैठकीत केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम ठरला, आणि या रंगांचा धर्माशी संबंध नाही हेही तिथंच स्पष्ट केलं गेलं. पाठ केलेल्या अर्थांच्या आधी हे सांगायला हवं, असं मला वाटतं. नाहीतर मुलं बाहेर ऐकलेला अर्थच खरा धरतात.

२२ जुलै १९४७ ला संविधान सभेनं आजचा ध्वज स्वीकारला, तेव्हा चरख्याचं फक्त चाक उरलं. नेहरूंनी कारण सांगितलं होतं: चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखं दिसावं. पातळ कागदावर चरखा आणि चक्र काढून खिडकीला उलटं धरायला लावा, मुलांना लगेच कळतं. आपल्या पोलीस उद्यानातला ३०३ फुटी ध्वजस्तंभ सगळ्यांनी पाहिलेला असतो. वारा कुठूनही येऊ दे, चक्र तेच.

पुढच्या तासाला कोनमापक. ३६० ला २४ नं भाग, दर आऱ्याला १५ अंश. बऱ्याच वह्यांत आरे तेवीसच भरतात, तेव्हा निळा रंग द्यायच्या आधी मोजून घ्या.