तेच, तसंच, पुन्हा

नेदरलँड्समध्ये डार्ट्सवर माणसाचं घर चालतं. रेमंड व्हॅन बार्नेव्हेल्ड हा तिथला गडी आधी टपाल वाटायचा; पुढं त्याच हातानं छोटे बाण फेकून पाच वेळा जगज्जेता झाला. खेळ दिसायला सोपा. २.३७ मीटरवर फळी, हातात तीन बाण. पण सगळ्यात मोलाची, वीसच्या तिपटीची पट्टी जेमतेम आठ मिलिमीटर रुंद, आणि वीसच्या दोन्ही अंगांना एक आणि पाच बसवलेले. हात जरा ढळला की साठाच्या जागी पाच, नाहीतर एक.

बुलढाण्यात डार्ट्सची फळी मी कुठं पाहिलेली नाही. पण नेमावर आयुष्य बेतणारी माणसं इथंही आहेत. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत आमच्या प्रथमेश जावकरनं कंपाउंड धनुर्विद्येच्या (चाकं बसवलेल्या धनुष्याच्या) अंतिम सामन्यात माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं. श्लोसरही नेदरलँड्सचाच, तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर. २०१५ मध्ये इनडोअर फेरीत ६०० पैकी ६०० गुण घेणारा तो पहिला माणूस, म्हणून त्याला ‘मिस्टर परफेक्ट’ म्हणतात. आणि समोर एकोणीस वर्षांचा पोरगा, जिथं अजून रेल्वे पोचलेली नाही, मलकापूरला उतरून घाट चढावा लागतो, त्या गावातून आलेला.

नेमबाजीचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच अर्जुन पुढं येतो. मला मात्र वाटतं, अर्जुनाची परीक्षा तशी सोपी होती. पक्ष्याचा डोळा एकदाच वेधायचा होता. कंपाउंडच्या सामन्यात पन्नास मीटरवर पंधरा बाण सोडायचे असतात आणि दहा गुणांचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं असतं. पंधराही तिथंच हवेत. चौदा बसले आणि एक नऊवर गेला, तर तेवढ्यावरून सामना फिरतो. त्या एका सामन्यामागं सरावाच्या मैदानावर सोडलेले बाण किती असतील, ते त्या पोराच्या खांद्यालाच ठाऊक.

कबड्डीत कुणीतरी पाय धरतो, कुस्तीत कुणी चीतपट करायला अंगावर येतो. इथं प्रतिस्पर्धी तुमच्या केसालाही धक्का लावत नाही. त्याची पाळी येईपर्यंत तो नुसता उभा असतो. म्हणून हरल्यावर बोट दाखवायला कुणी उरत नाही. डार्ट्समध्ये एरिक ब्रिस्टोसारख्या पाच वेळच्या जगज्जेत्याचा हात ऐन भरात असताना अडकू लागला. बाण बोटांतून सुटेना. धनुर्धरांनाही असाच आजार गाठतो: नेमाची सुई मध्यावर आली की मन घाबरं होतं. हाताला काहीच झालेलं नसतं. बिघाड असतो तो सोडण्याच्या क्षणावरच्या विश्वासात.

त्याच वर्षी सप्टेंबरात मेक्सिकोतल्या एर्मोसियोला विश्वचषकाचा अंतिम टप्पा झाला. प्रथमेश आणि डेन्मार्कचा मॅथियस फुलरटन १४८-१४८ वर अडले. मग एकेक बाण. दोघांचेही दहावर बसले, पण फुलरटनचा मध्याच्या अधिक जवळ. रौप्य. पुढं महिन्याच्या आत हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि ओजस देवतळे यांच्यासह त्यानं सांघिक सुवर्ण मिळवलं. शांघायला एका गुणानं जिंकलेला आणि एर्मोसियोला त्याहून कमी फरकानं हरलेला खेळाडू एकच. दोन्ही दिवशी त्याचं धनुष्य ताणणं, त्याचा श्वास बहुधा सारखेच असतील. फरक मोजपट्टीनं केला, आणि आपण पेढे मोजपट्टी पाहून वाटतो.

या वाटेवर चालणाऱ्याला गावात एक प्रश्न हमखास ऐकावा लागे: ऑलिम्पिकमध्ये आहे का? कंपाउंड तिथं नव्हतं. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये ते पहिल्यांदा येतंय, तेही फक्त मिश्र सांघिक प्रकारात. म्हणजे इतकी वर्षं ही पोरं त्या दाराकडं न बघताच बाण सोडत होती.

आपण पोरांना सांगतो, काहीतरी वेगळं करून दाखव. वेगळं करायला एक बरा दिवस पुरतो. काल जमलेलं आज, उद्या, हरून आल्यावरच्या सोमवारीही तसंच जमवणं यासाठी मात्र सगळा माणूस लागतो. अशा कारकिर्दीचा निकाल पदकांच्या यादीवरून लावायला गेलो, तर तिचा मोठा भाग आपल्या हिशेबात येतच नाही.