दुभाषी

अभ्यागत प्राध्यापक म्हणून हैदराबादेस आलो, तेव्हा माझ्या मराठीचा वर्गाबाहेर कोणाला उपयोग होईल असे वाटले नव्हते. अपंग मुलांच्या घरी जाऊन पालकांना मार्गदर्शन करणाऱ्या एका तेलुगू बाईंनी एके रविवारी मला दुभाषी म्हणून सोबत नेले. घर गलाईवाल्याचे होते. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडची ही माणसे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर पांगली आहेत. बाप दिवसभर भट्टीशी. आई मुलासह एका खोलीत. तिला तेलुगू येत नव्हते, हिंदी जेमतेम.

मुलगा पाच वर्षांचा. जन्मतःच मेंदूला इजा झालेली. हातपाय ताठ, मान डळमळती. आई त्याला मांडीवर आडवे घेऊन पेज भरवीत होती. बाईंनी प्रथम ते थांबवले. आडवे भरवल्यास अन्न श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. मुलाला आधाराने बसते करावे, मान किंचित पुढे ठेवावी, घास लहान द्यावा. हे सारे मी नीट सांगितले. मग आईने विचारले, “सर, चालंल न्हवं ह्यो?”

बाई शांतपणे म्हणाल्या, चालणे बहुधा जमणार नाही; पण बसणे शिकवता येईल, आणि बसला की त्याचे हात मोकळे होतील. मी मराठीत एवढेच म्हणालो, “प्रयत्न केले, तर हळूहळू होईल.” भाषांतरातील निष्ठेवर वर्षानुवर्षे व्याख्याने देणाऱ्या माणसाने मूळ वाक्यच बदलले होते.

पुढच्या रविवारी गेलो, तेव्हा आईने मुलाला बगलेत धरून उभे केले होते. पावले आत वळलेली, मूल रडून थकलेले. बसवण्याचा सराव तिने सोडूनच दिला होता. माझ्या दयेची किंमत ते मूल देत होते. मी खरे काय ते सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्याच दिशी का न्हाय सांगितलं? आठ दिस आमी दोघंबी रडलो.” आणि थोड्या वेळाने, “बसायला कसं शिकवायचं, ते सांगा.”

गल्लीतल्या सुताराने दोन फळ्या काटकोनात जोडून मुलाच्या मापाची बैठक केली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कही त्यात आहे. पण कायद्याला पाय नसतात. तो या खोलीपर्यंत आला, तो त्या बाईंच्या पायांनी. माझ्याकडे होती ती केवळ भाषा, आणि तीही मी पहिल्या दिवशी सरळ वापरली नाही.

आता दर रविवारी जातो. मुलगा फळ्यांच्या कोपऱ्यात बसतो, समोरच्या ताटलीतले चुरमुरे मुठीत धरतो. काही सांडतात, काही तोंडापर्यंत पोहोचतात. पुढच्या वर्षी त्याला सहावे लागेल. शाळेविषयी आई विचारते, बाई उत्तर देतात. मी ते उत्तर जसेच्या तसे मराठीत सांगतो.