ड्रम कोणासाठी?

निवृत्तीनंतर गृहस्थ ज्या वस्तू विकत घेतो, त्यांपैकी बहुतेक दुसऱ्यांसाठी असतात. नातीसाठी सायकल, मुलाच्या नव्या घरासाठी कपाट, लेकीसाठी साडी. स्वतःसाठी घ्यायचे ते फार तर चष्मा, चपला आणि औषधे. एवढ्यावर आपले भागते असे घरच्यांना वाटते आणि हळूहळू त्यालाही वाटू लागते. म्हणूनच 64व्या वर्षी स्वतःसाठी ड्रम घ्यावा असे एखाद्याच्या मनात आले, तर ते बोलून दाखवण्यास त्याला बराच काळ लागतो. सांगलीतील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या अण्णांना दोन वर्षे लागली.

अण्णांचा ड्रमशी संबंध शाळेपासूनचा. आठवी ते दहावी अशी तीन वर्षे ते शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवीत. 15 ऑगस्टला आणि 26 जानेवारीला संचलनाच्या अग्रभागी, खांद्यावरून पट्टा घेऊन, मांडीशी तिरका ड्रम सांभाळत ते चालत. दहावीची परीक्षा संपल्यावर त्यांनी ड्रम आणि काठ्या पी.टी.च्या सरांकडे जमा केल्या, वहीत सही केली आणि दुसऱ्या दिवसापासून वडिलांच्या भुसार दुकानात बसू लागले. कोणी मनाई केली नव्हती. ड्रम शाळेचा होता, शाळा संपली, इतकेच. पुढे साखर कारखान्याच्या लेखा विभागात आयुष्य गेले. मात्र या 48 वर्षांत त्यांची बोटे टेबलाच्या कडेवर तोच कदमतालाचा ठेका धरीत राहिली. शेवटी त्यांनी मनातली गोष्ट पत्नीला सांगितली, तेव्हा तिला फारसे आश्चर्य वाटले नाही. "टेबलावर वाजवता तेच ना? मग ड्रमवरच वाजवा. पण ठेवणार कुठे, ते आधी सांगा," एवढेच ती म्हणाली.

हा प्रश्न योग्य होता. पूर्ण ड्रमसेट एक खोली अडवतो, आणि त्यातल्या मोठ्या बेस ड्रमचा आघात थेट खालच्या मजल्याच्या छतात उतरतो. अण्णांनी हिशेबाच्या वहीत 20 हजार रुपयांची मर्यादा लिहिली आणि त्याखाली दोनच वाद्ये नोंदवली : स्नेअर ड्रम आणि हाय-हॅट. घरगुती सरावासाठी ही जोडी पुरेशी ठरते. स्नेअरवर दोन्ही हात तयार होतात, हाय-हॅटवर डावा पाय.

स्नेअर म्हणजे बँडमधल्या साइड ड्रमचाच सख्खा भाऊ. त्याचा नेहमीचा व्यास 14 इंच, खोली 5 ते साडेसहा इंच. वरच्या बाजूवर काठी पडते. खालची बाजू अतिशय पातळ असते आणि तिला लागून तारांच्या बारीक वेटोळ्यांची पट्टी ताणलेली असते. वर आघात झाला की आतली हवा खालच्या पडद्याला हलवते, पडदा तारांना हलवतो, आणि त्यांतून तो ओळखीचा खर्रकन उमटणारा आवाज निघतो. कडेला एक खटका असतो. तो खाली केला की तारा पडद्यापासून सुटतात आणि नाद साधा, घुमारदार होतो.

हाय-हॅट म्हणजे पायाने वाजणारी झांज. उभ्या दांड्यावर समोरासमोर बसवलेल्या दोन थाळ्या पायपट्टी दाबली की मिटतात आणि सोडली की उघडतात. 1920च्या दशकात अमेरिकेत हे साधन प्रथम घोट्याएवढ्या उंचीचे होते, केवळ पायाने वाजवण्याचे. पुढे दांडा उंच झाला, थाळ्या काठीच्या टप्प्यात आल्या, आणि 1930च्या दशकात काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदातील जो जोन्स यांच्यासारख्या वादकांनी तालाचा मुख्य भार त्यांवर सोपवला. भजनात टाळ जे काम करतो, ते जाझमध्ये हाय-हॅट करू लागला.

इतकी तयारी करून अण्णा लेकीकडे पुण्याला गेले असता एका वाद्यांच्या दुकानात शिरले. काउंटरवरच्या तरुणाने हसून विचारले, "काका, नातवासाठी का?"

अण्णांनी मान डोलावली. खोटे बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. पण त्या प्रश्नातच उत्तर इतके सोयीचे तयार होते, की नाही म्हणणे जड गेले.

तरुण मनापासून कामाला लागला. मुलांसाठी बनवलेला 12 इंची ड्रम, ठेंगणा स्टँड, झगमगीत लाल रंग. "नातू केवढा आहे? बसल्यावर मांडी किती उंचीवर येते?" अण्णांना उत्तर देता येईना. तरुणाने समजावले, "काका, उंची चुकली तर सगळंच चुकतं. ड्रम फार वर असला तर खांदे उचलले जातात, फार खाली असला तर काठी मांडीवर आपटते. त्याला घेऊनच या ना एकदा."

अण्णा काही क्षण त्या लाल ड्रमकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नातवासाठी नाही. मला वाजवायचाय."

आपण फार मोठी गोष्ट बोललो असे त्यांना वाटले. तरुणाला तसे काही वाटले नाही. त्याने लाल ड्रम बाजूला सारला, एक गोल स्टूल पुढे ओढले आणि म्हणाला, "मग आधी बसा."

त्यानंतरची खरेदी सरळ झाली. स्टूलची उंची अशी बसवली, की गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहिले. स्नेअरच्या स्टँडचे तीन हात ड्रमला घट्ट धरतात की नाही, ते पाहिले. ड्रमची कड मांडीच्या तीन-चार बोटे वर आणली आणि किंचित कल दिला. पोलादी ड्रम चकाकत होता, पण त्याचा आवाज कानात टोचे. अण्णांनी साडेपाच इंच खोलीचा लाकडी ड्रम निवडला. त्याचा नाद अधिक मवाळ होता.

हाय-हॅटचा स्टँड मात्र त्यांनी वहीत सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत बसवला होता. स्टँड म्हणजे नुसता आधार, त्यात काय पाहायचे, असा त्यांचा समज. तरुणाने दोन स्टँड शेजारी ठेवले. पहिला हलका, एकेरी पट्टीच्या पायांचा. दहा-बारा वेळा पायपट्टी दाबताच तो हळूहळू पुढे सरकला आणि त्याच्यामागे अण्णांचा पायही. दुसऱ्याच्या प्रत्येक पायाला दुहेरी पट्टी होती, टोकांना जाड रबर होते. त्याची पायपट्टी साखळीने ओढली जात होती, स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करता येत होता, आणि वरची थाळी धरणारा क्लच एकदा आवळला की ढिला होत नव्हता. हा स्टँड जागचा हलला नाही. किंमत अर्थात जास्त होती. अण्णांनी तिथेच हिशेब फिरवला. कांशाच्या थाळ्या रद्द करून साध्या पितळी घेतल्या आणि वाचलेली रक्कम स्टँडवर लावली. थाळ्या पुढे कधीही बदलता येतात. सरकणाऱ्या स्टँडवर पायाला लागलेली खोड मात्र सहज सुटत नाही. पावती करताना तरुणाने नाव विचारले, तेव्हा त्यांनी स्वतःचे सांगितले.

घरी आल्यावर ड्रम खोक्यातून बाहेर काढण्यापूर्वी अण्णा दुसऱ्या मजल्यावर गेले. तिथे 85 वर्षांच्या आक्का राहतात. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. उघडा स्नेअर जोराने वाजवला तर जवळून 100 डेसिबलच्याही पुढे जातो. नियमाचे सोडा, पण ज्या घरावर आपला आवाज पडणार, त्या घराला आधी विचारावे, हे अण्णांना नियमापेक्षा महत्त्वाचे वाटले.

आक्कांनी सारे ऐकून घेतले आणि एकच शंका काढली, "कातडं नाही ना रे त्याला?"

ही शंका अण्णांनी दुकानातच फेडून घेतली होती. पूर्वी ड्रमला वासराचे कातडे लावत आणि खालच्या तारांच्या जागी आतड्यापासून केलेली तात असे. 1950च्या दशकात पॉलिएस्टरचे पडदे निघाले आणि दमट हवेत सैल न पडणारे म्हणून ते थोड्याच काळात सर्वत्र रूढ झाले. आता वरखाली दोन्हीकडे प्लास्टिक आणि तारा धातूच्या. शाळेतल्या ड्रमला काय लावलेले होते, हे मात्र त्या वयात अण्णांनी कधी विचारले नव्हते. आक्कांना त्यांनी तेही सांगून टाकले.

"मग वाजव बाबा," आक्का म्हणाल्या. "चारपर्यंत मी पडलेली असते. सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायचं असतं. मधल्या वेळात वाजव. आणि रविवारी नको. रविवारी लेकीचा फोन असतो, मला नीट ऐकू येत नाही."

साडेचार ते सव्वापाच अशी वेळ ठरली, रविवार सोडून. अण्णांनी ड्रमवर रबरी पॅड ठेवले, थाळ्यांमध्ये फडक्याची घडी सरकवली आणि खाली जाड सतरंजी अंथरली. मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर लावला. पहिल्याच दिवशी कळले, की उजवा हात सारे काही विसरलेला नाही आणि डावा जवळजवळ सारे विसरला आहे. म्हणून पॅराडिडल धरला : उजवा, डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा. यात दोन्ही हातांना आळीपाळीने पुढाकार घ्यावाच लागतो, एकाला दुसऱ्याच्या मागे लपता येत नाही. तीन महिन्यांत मेट्रोनोम 60वरून 72वर आला. त्यात पाय मिसळला की ठेका अजून मोडतो. तेव्हा अण्णा थांबतात, 60वर परत येतात आणि पुन्हा सुरू करतात.

शनिवारी आक्कांचा 9 वर्षांचा पणतू वर येतो. त्याच्यासाठी अण्णा स्टूल खाली उतरवतात, ड्रमही उतरवतात आणि त्याला पंधरा मिनिटे वाजवू देतात. आलेगेले पाहुणे ते दृश्य पाहून कौतुकाने विचारतात, "या पोरासाठी घेतलात होय?"

"नाही, माझा आहे," अण्णा सांगतात. स्टूलच्या नळीवर त्यांनी पेन्सिलीने एक खूण केली आहे. मुलगा खाली गेला की ते स्टूल पुन्हा त्या खुणेपर्यंत चढवतात, स्क्रू आवळतात आणि उरलेली पंधरा-वीस मिनिटे स्वतः बसतात.